घर किती दम लांब?

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात दर शनिवारी मशिनी बंद ठेवून झाडलोट होते. तुळयांवर, वायरींवर, ट्यूबलाइटवर आठवडाभराची कापसाची धूळ साठलेली असते. झाडून झालं की वाटतं, संपलं. पुढच्या शनिवारी बघावं तर पुन्हा तेवढीच! किश्श्यांचंही असंच आहे. कुणी मुद्दाम आणत नाही, कुणी मागत नाही. माणसं काम करतात, दुपारी डबा खातात, एकमेकांना टोमणे मारतात आणि किस्से साठत जातात.

डब्याला आम्ही चौघं असतो. मी मोजणीवर. टॉवेलचे डझन लावायचे आणि आकडा लिहायचा. शाळा सातवीत सुटली, पण लिहायची सवय लागली ती लागलीच. रोज घरी गेल्यावर पान-अर्धं पान लिहितो, म्हणून सगळे मला 'वहीवाले' म्हणतात. शोभाताई शिलाईवर. सासर मोडनिंबचं, जीभ कात्रीसारखी. बाशाभाई स्वतःच्या टेंपोतून कारखान्याचा माल पोचवतो आणि रविवारी लोकांची घरं हलवायची भाडी मारतो. चौथा नरसय्या. तो जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा मिस्त्री. घरी तेलुगू, बाहेर मराठी.

गेलं वर्षभर आमच्या डब्याला एकच विषय होता. नरसय्यानं घर कुठं करावं? हौस म्हणून नव्हे. त्याच्या बायकोला, बालामणीअक्कांना, जुन्या घरात श्वास पुरत नव्हता.

* * *

नरसय्याचं घर सोलापूरच्या पूर्वभागात, जुन्या गल्लीत. खाली मालकाचे चार माग, वर नरसय्याच्या दोन खोल्या. सकाळी माग सुरू झाले की वरच्या मांडणीतली भांडी वाजायला लागतात. नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं तर ओरडून. त्यामुळे नरसय्या जाईल तिथे ओरडूनच बोलतो. दवाखान्यातही!

डॉक्टरांनी अक्कांची छाती तपासली आणि म्हणाले, "हवापालट करा. लवकरात लवकर."

"करतो की साहेब!" नरसय्या ओरडला. "आजच करतो!"

आणि खरंच त्यानं त्याच दिवशी केलं. घराच्या भिंतीत एक पंखा होता, खोलीतली हवा बाहेर फेकणारा. नरसय्यानं तो खोलला, आतल्या वायरी उलट्या जोडल्या आणि परत बसवला. आता पंखा बाहेरची हवा आत ओढायला लागला. त्याच्या बरोबर खाली मागाच्या खोलीची खिडकी! दोन दिवसांत अंथरुणावर पांढरा थर बसला आणि अक्कांचा खोकला दुप्पट झाला.

आठवड्यानं पुन्हा दवाखाना.

"हवापालट केलात का?"

"केला की! आधी हवा आतनं बाहेर जात होती, आता बाहेरनं आत येतीया. पूर्ण पालटली!"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "अहो, पंखा नाही. घर पालटा."

हे सगळं नरसय्यानं आम्हाला डब्यावर सांगितलं. शोभाताई हसून हसून ठसकल्या. नरसय्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मला विचारलं, "पंख्याला दोन वायरी असतेत, वहीवाले. घराला किती असतेत?"

* * *

पहिला विचार प्लॉटचा झाला. शहराबाहेर मोकळ्यावर एखादा लहानसा तुकडा घ्यायचा, सध्या पत्रे टाकून राहायचं, पुढचं पुढे. रविवारी बाशाभाईनं टेंपो काढला. अक्का आणि नरसय्या पुढे, शोभाताई आणि मी मागे उभे. विजापूर रोडला लागलो. माझं गाव मंद्रूप त्याच रस्त्याला, त्यामुळे ही रानं मला ओळखीची. ज्वारीची होती तेव्हापासून ओळखीची. आता त्यात चुन्याच्या रेघा आणि लोखंडी पाट्या.

पाट्यांवर इंग्रजीत मोठी अक्षरं, NA PLOT.

नरसय्या इंग्रजी शिकला तो मोटरींवरच्या पत्र्याच्या पट्ट्या वाचून. टेंपो थांबला तसा तो ओरडला, "बघा! ना प्लॉट!"

त्याला झालेला आनंद आम्हाला कळेना. मग त्यानंच सांगितलं, तेलुगूत 'ना' म्हणजे 'माझा'.

"तुमच्यात आसंल," शोभाताई म्हणाल्या. "आमच्यात ना मंजी न्हाय. प्लॉट न्हाय आसं लिवलंय ते."

"बोर्डपेच ना बोल रै तो उतरना कायकू?" बाशाभाईनं इंजीन चालूच ठेवलं होतं.

एवढ्यात छत्रीखालचा एजंट पळत आला. त्यानं समजावलं की ते 'ना' नाही, एन ए. म्हणजे बिगरशेती. म्हणजे इथे घर बांधायला परवानगी आहे. मग त्यानं फुटाचा भाव सांगितला. नरसय्यानं तो दोनदा विचारला. दुसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज आमच्यासारखा झाला होता.

येताना रस्ताभर त्याच पाट्या. आता तो एकही वाचेना. नाक्याजवळ आल्यावर शोभाताईंनी मागूनच विचारलं, "का ओ, आता का वाचंना?"

"वाचतोय की," नरसय्या म्हणाला. "पण आता तुमच्या भाषेतलं ऐकू येतंय."

* * *

शोभाताईंनी मोडनिंबला सासूबाईंना हा प्रकार फोनवर सांगितला. सोलापुरात एक मैत्रीण घर शोधतीया, दोन खोल्यांचं बघतीया वगैरे.

सासूबाई म्हणाल्या, "माणसं किती?"

"दोगं."

"मग दोन खोल्या बास की. आन् म्हशीला?"

"म्हस न्हाय ओ त्यांच्यात."

"म्हस न्हाय?" सासूबाईंनी खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "मग घर कशाला पायजेल?"

* * *

नरसय्याचा मुलगा व्यंकटेश पुण्याकडे एका कंपनीत आहे. तो म्हणाला, अम्मा-नानांनी इकडेच यावं, मी कर्ज काढतो. पुण्याच्या कडेच्या नव्या उपनगरात एक इमारत उठत होती. बघायला नरसय्या आणि अक्का निघाले. कागदपत्रं वाचायला मला बरोबर घेतलं. व्यंकटेश इमारतीखालीच भेटला.

सातव्या मजल्यावर नेऊन एजंटानं पडदा सरकवला. टाय लावलेला, नम्र मुलगा. "इथे दिवसभर सनलाइट, सर. ईस्ट फेसिंग. त्याचे थोडे एक्स्ट्रा आहेत."

नरसय्याला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "कशाचे एक्स्ट्रा?"

"सनलाइटचे."

"उन्हाचे?"

"हो, सर."

नरसय्या माझ्याकडे वळला. रिकाम्या खोलीत त्याचा आवाज चारी भिंतींना आपटला. "वहीवाले! आपण सोलापुरात एवढे श्रीमंत होतो, कुणी सांगितलंच न्हाई की!"

* * *

त्याच इमारतीतली पुढची गोष्ट. ती सांगण्याआधी अक्कांचं काम सांगायला हवं.

अक्का तीस वर्षं बिड्या वळतात. आमच्याकडे बिडी कंपनीच्या शाखेला सगळे 'ब्रँच' म्हणतात. बायका तिथून पानं आणि तंबाखू आणतात, घरी वळतात, बांधलेल्या बिड्या ब्रँचमध्ये नेऊन देतात. प्रत्येकीचं कार्ड असतं. अक्कांच्या कार्डाची पेन्शनला तीन वर्षं बाकी होती. तीन वर्षं खंड न पडता काम चालू राहिलं पाहिजे.

शोभाताईंनी एकदा तोंडावर विचारलं होतं, "अक्का, डॉक्टर धूळ टाळा म्हणतोय आन् तुमी तंबाखूत हात घालून बसताय. सोडा की बिडी!"

अक्का म्हणाल्या, "मी वडत न्हाई, शोभा. वळतंय." आणि थोडं थांबून, "माझ्या नावाचं ते एकच कागद हाय."

तर पुण्यात, फ्लॅट बघून झाल्यावर, अक्कांनी एजंटाला पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला. "हितं ब्रँच कुटं हाय?"

"ब्रँच? खालीच आहे, मॅडम! चला दाखवतो."

त्यानं अक्कांना लिफ्टनं खाली नेलं आणि एका बँकेच्या काचेच्या दारापाशी उभं केलं. आम्ही मागून पोचेपर्यंत अक्का आत गेल्या होत्या आणि दारावरच्या माणसाला विचारत होत्या, "पानं किती वाजता देतेत?"

"फॉर्म ना? दोन नंबरच्या खिडकीला."

अक्का दोन नंबरच्या खिडकीला रांगेत उभ्या राहिल्या! व्यंकटेशनं हाताला धरून बाहेर आणलं. बाहेरच्या पायरीवर त्या बसल्या, श्वास जागेवर येईपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, "ऊन हाय. हवा हाय. बँक पण हाय. मी काय करू हितं?"

"काही करायचं नाही, अम्मा," व्यंकटेश म्हणाला. "नुसतं बसायचं."

"बसूनच वळतंय की रे!"

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो. येताना नरसय्या एकदाच बोलला. कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "एका घरात तिला हवा न्हाई. दुसऱ्या घरात तिला काम न्हाई." मग चहावाल्याला हाक मारली.

* * *

मग हद्दवाढीत भाड्याच्या खोल्या बघायला लागलो. शहराची हद्द वाढली त्या बाजूच्या सगळ्या नव्या वस्त्यांना आम्ही एकच नाव दिलंय, हद्दवाढ. मोकळी हवा, बेताचं भाडं, झाड औषधालाही नाही. तिकडे आता बिडीच्या ब्रँचही झाल्या होत्या, कारण जुन्या गल्ल्यांतल्या पुष्कळ बायका तिकडे राहायला गेल्या. म्हणजे खोली अशी हवी की तिथून अक्कांना ब्रँचपर्यंत रोज पायी जाता आलं पाहिजे. रोज रिक्षा केली तर वळलेल्या बिड्या रिक्षातच जायच्या.

मोजायचं काम माझं. पहिल्या खोलीपासून ब्रँचपर्यंत चालत गेलो आणि येऊन अक्कांना सांगितलं, "बाराशे चाळीस पावलं."

"पावलं कशाला मोजतंय?" अक्का म्हणाल्या. "दम मोजा."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या चालायला लागतात. श्वास संपतो, उभ्या राहतात. श्वास परत आला की पुन्हा चालतात. असं एकदा झालं की एक दम. "आमचं देऊळ एक दम. भाजी तीन दम. दवाखाना पाच."

त्या दिवसापासून माझ्या वहीत दमाचा रकाना आला. प्रत्येक खोली आम्ही अक्कांना बरोबर नेऊन, त्यांच्या चालीनं चालून मोजली. पहिली खोली सात दम. दुसरी नऊ. तिसरी प्रशस्त, स्वस्त, पुढे अंगण. आम्ही सगळे मनातून खूश झालो. निघालो. अकराव्या दमाला अक्का एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि डोळे मिटून बसल्या. ब्रँच अजून दिसतही नव्हती.

मी पेन काढलं तर नरसय्यानं हात आडवा केला. "लिहू नका," म्हणाला.

* * *

डब्यावर मी वही उघडून सगळ्या खोल्या वाचून दाखवल्या. भाडं आणि दम, भाडं आणि दम.

बाशाभाईनं आयुष्यात दोन-तीनशे घरं हलवली असतील. तो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "हौ. दम जित्ता कम, भाड़ा उत्ता ज्यादा."

"मंजी दम आसणाऱ्याला घर सवस्त आन् दम नसणाऱ्याला म्हाग," शोभाताईंनी डबा झाकला. "लई झ्याक न्याव हाय!"

* * *

दोन दमांवर एक चांगली खोली मिळाली होती. भाडं झेपण्याच्या थोडं वर, पण नरसय्या तयार झाला. घरमालकीणबाई दारात उभ्या राहून आमच्याशी बोलत होत्या. किती माणसं, गाव कुठलं, नोकरी कुठे. सगळं जमत आलं होतं आणि अक्कांना उबळ आली.

बाईंचा चेहरा बदलला. "खोकतंय कोण?"

अक्का माझ्या मागे होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण खोकला काही पदरात मावेना. तेवढ्यात नरसय्या खोकायला लागला. मोठ्यानं, छाती धरून. बाई त्याच्याकडे बघायला लागल्या तशा शोभाताई खोकल्या. मग बाशाभाई. मग मीही खोकलो. पाच माणसं दारात उभी राहून खोकतोय! आता कोण खोकतंय ते देवालाही सांगता आलं नसतं.

"धूल भोत है ना, बाजी," बाशाभाई मधेच म्हणाला आणि पुन्हा खोकायला लागला.

बाईंनी आमच्याकडे एकदा नीट बघितलं. "सगळ्यांनाच आहे होय?" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही टेंपोत जाऊन बसलो. अक्कांचा आवाज आला. "तुमी कशाला खोकलं? माझं एकटीचं असतं तर दोन गोष्टी बोलून पटवलं असतं की मी!"

* * *

शेवटी खोली मिळाली ती गार्डसाहेबांकडे. रेल्वेत गार्ड होते, कुर्डुवाडीहून रिटायर झाले, हद्दवाढीत घर बांधलं. मागच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या.

त्यांनी कुलूप काढतानाच सांगून टाकलं, "नंतर कटकट नको, आधीच ऐका. इथे सकाळी ऊन येतं ते संध्याकाळीच जातं. मधे कुठल्याही स्टेशनला थांबत नाही. तीन भाडेकरू त्यापायी सोडून गेले. म्हणून भाडं कमी लावलंय."

नरसय्यानं माझ्याकडे बघितलं. "उन्हाचे कमी?"

"हो. उन्हाचे कमी."

"आणि पाणी?" मी विचारलं.

"पाणी रोज येतं."

"रोज?" सोलापुरात हे ऐकून आम्ही सगळेच सावध झालो.

"रोज. कुठल्या ना कुठल्या गल्लीत येतंच. आपल्या गल्लीचं टाइमटेबल तेवढं विचारू नका!"

ब्रँच पलीकडच्या बोळात होती. अक्का चालून आल्या, दोन दम. आम्ही श्वास रोखून उभे असतानाच त्यांना उबळ आली. या वेळी आमच्यापैकी कुणी खोकलं नाही. अक्कांनी तशी ताकीदच दिली होती.

गार्डसाहेबांनी ती उबळ शेवटपर्यंत ऐकून घेतली. "मागाच्या वरचं घर का?"

"व्हय," नरसय्या म्हणाला.

"माझी बहीण तशाच घरात होती." त्यांनी किल्ली नरसय्याच्या हातावर ठेवली. नरसय्या भाड्याचं विचारायला लागला तर म्हणाले, "आधी सामान तर उतरवा."

शोभाताईंना मात्र राहवलं नाही. रस्त्यावर आल्या आल्या म्हणाल्या, "पुण्यात उन्हाचं जादा, हितं उन्हाचं कमी. आन् ऊन त्येच मेलं!"

* * *

कार्ड नव्या ब्रँचला बदलून घ्यायचा अर्ज मी लिहिला. कारणाच्या जागी काय लिहायचं यावर डब्याला दोन दिवस चर्चा. आजार लिहिला तर कामच बंद करतील, अशी अक्कांना भीती. घर घेतलं म्हणावं तर ते खोटं. शेवटी नरसय्या म्हणाला, "लिहा की, हवापालट." मी लिहिलं.

ब्रँचमधल्या माणसानं अर्ज वाचला, अक्कांकडे बघितलं. "हवापालट? म्हणजे काय, सुट्टीवर चाललात का?"

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "कामावर."

त्यानं शिक्का मारला.

* * *

सामान हलवलं ते आषाढात. आषाढात घर करत नाहीत, पण श्रावणापर्यंत थांबण्याइतका वेळ अक्कांच्या छातीला नव्हता. तेव्हा असं ठरलं, आत्ता नुसतं सामान न्यायचं आणि राहायचं. पूजा, दूध उतू घालणं, सगळं श्रावणात.

जुन्या घरातलं लोखंडी कपाट जिन्यातून उतरेना. तीस वर्षांपूर्वी ते वर गेलं तेव्हा जिन्याशेजारी मोटर नव्हती. बाशाभाईनं दोर लावला, आम्ही तिघांनी खालून खांदे दिले, नरसय्या वरून धरून होता. अक्का त्याच्यामागे, वरच्या दारात. कपाट मधेच अडकलं. ना वर, ना खाली. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं, कारण खाली माग चालू होते.

ते बघून मालक स्वतः उठले आणि त्यांनी मेन स्विच पाडला. चारही माग एकदम बंद! गल्लीतल्या लोकांनी दारं उघडून बघितलं, काय झालं म्हणून. दिवसाढवळ्या एवढी शांतता त्या घरात कुणी ऐकली नव्हती.

नरसय्याला मात्र ती कळायला उशीर झाला. तो मागं वळून, नेहमीच्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बायकोला म्हणाला, "घाबरू नको गं! मी हाय!"

अक्कांनी दार लावून घेतलं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं खालून विचारलं, "नरसय्या, हे तीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणालास काय रे?"

"रोज म्हणत होतो," नरसय्या म्हणाला. "मागात ऐकू जात नव्हतं."

* * *

श्रावणातल्या शुक्रवारी आम्हाला बोलावणं आलं. व्यंकटेश पुण्याहून आला होता. गार्डसाहेब आणि त्यांच्या बाई होत्या. शोभाताईंनी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि सगळी सूत्रं हातात घेतली होती. चूल पूर्वेकडे तोंड करून मांडली, म्हणजे गॅसची शेगडीच. नव्या पातेल्याला हळदीचा दोरा बांधला. दारातून ऊन सरळ शेगडीपर्यंत आलं होतं. पत्रा तापून कडकड वाजत होता.

पातेल्यात दूध ओतलं. अक्का समोर बसल्या. आम्ही गोल करून उभे. दूध उतू गेलं की पूजा झाली, मग खीर, मग जेवण.

दूध तापलं. कडेनं बुडबुडे आले. साय थरथरली आणि दूध वर चढायला लागलं. शोभाताईंनी हात जोडले. दूध काठाला आलं, आता जाणार, एवढ्यात अक्का पुढे वाकल्या आणि त्यांनी फुंकर मारली!

दूध खाली बसलं.

"आगं बया!" शोभाताई किंचाळल्या. "फुकायचं न्हाय, अक्का! उतू जाऊ द्यायचं आसतंय!"

अक्कांनी जीभ चावली. जन्मभर दुधाचा थेंब वाया जाऊ दिला नव्हता, हात आणि तोंड दोन्ही त्या सवयीचे. आम्ही हसलो. अक्काही हसल्या. दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या.

दूध पुन्हा चढलं. काठाला आलं. आणि अक्का पुन्हा वाकल्या. या वेळची फुंकर लांब होती. दूध बसत बसत पार तळाला गेलं, तरी ती चालूच होती. उबळ नाही, दम तुटला नाही.

"सिग्नल देऊन गाडी थांबवली की हो!" गार्डसाहेब म्हणाले. व्यंकटेश म्हणाला, "अम्मा, काय करतेस?" शोभाताईंनी कपाळाला हात लावला. सगळे एकदम बोलायला लागले, अपशकुन होतो का, परत पहिल्यापासून मांडायचं का, दूध बदलायचं का.

नरसय्या शेगडीशेजारी उकिडवा बसला होता. दुधाकडे बघत नव्हता, अक्कांच्या तोंडाकडे बघत होता. मग तेलुगूत एवढंच म्हणाला, "मल्ला ऊदू."

"काय म्हणतोय त्यो?" शोभाताईंनी विचारलं.

बाशाभाई तेलुगू शेजाऱ्यांत वाढलेला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"और एक बार फूंक, बोल रै."

अक्कांनी गॅस मोठा केला.